माळेतला भोकाचा पैसा

माझी किंमत एक पैसा. रुसून सांगत नाही, खरंच तेवढ्यालाच मी विकली गेले होते, आणि पैसाही भोकाचा.

आमच्या आईची माझ्याआधीची दोन मुलं गेली होती. दोघेही मुलगे. एकाला दात आले होते, दुसऱ्याला तेही आले नाहीत. तिसऱ्या वेळी मी झाले तेव्हा सुईण आईला म्हणाली, "हिले आपली मनू नको वं. विकून टाक." नागपुरात आमच्या जुन्या वस्तीत ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथलं नवं लेकरू उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. शेजारच्या बाईनं ते उचलायचं आणि आईच्या हातावर काहीतरी ठेवून विकत घ्यायचं. मग आईनं ते परक्याचं म्हणून सांभाळायचं. मरण दाराशी आलंच तर त्याला वाटावं की ह्या बाईला मूलच नाही. मरण इतकं बावळट असतं काय गं, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं आणि गालावर पाच बोटं उमटवून घेतली होती.

मला विकत घेतलं ते समोरच्या घरातल्या तांबटाच्या बायकोनं. तिला चार मुलगे, चारही दणकट. तिच्या घराचा रस्ता मरणाला माहीत नाही असं सगळे म्हणत. तिनं मला उकिरड्यावरून उचललं, पदरानं पुसलं, आणि आईच्या हातावर पैसा ठेवला. लढाईच्या दिवसांत निघालेला तो तांब्याचा पैसा होता, मधोमध वाटोळं भोक असलेला. बायका असले पैसे काळ्या दोऱ्यात ओवून लेकरांच्या कमरेला बांधत, म्हणून ते घराघरांत असायचे. पुढे ओळख पटावी म्हणून तिनं नवऱ्याच्या छिन्नीनं त्याच्या कडेला शेजारी-शेजारी दोन खाचा पाडल्या होत्या.

सौद्याचा नेम साधा होता. पैसा आईकडे आहे तोवर मी समोरच्यांची. तो पैसा समोरच्या बाईच्या हातात परत गेला की सौदा मोडला. मी पुन्हा आईची, आणि आईच्या लेकरांचं जे होतं ते माझं होणार. फक्त माझ्या लग्नात, हळद लागायच्या आधी, आईनं पैसा परत करून मला सोडवायचं. कारण त्यानंतर मी सासरची, आणि मग त्या मरणाचा आणि माझा काही संबंध नाही. पैसा मध्येच हरवला तर काय, हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं.

म्हणून मी तांबटाच्या बायकोला 'माय' म्हणत असे आणि पोटच्या आईला 'काकी'. लिहिताना मी आई लिहिते आहे, पण तिच्या तोंडावर मी तिला आई कधीच म्हटलेलं नाही. मी तिच्याच घरात राहत होते, तिच्याच हातचं जेवत होते. पण तिनं मला मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. न्हाऊ घालतानाही ती मला पाटावर बसवायची आणि स्वतः उभी राहून पाणी ओतायची. कोणी विचारलं, तुमचीच का हो मुलगी, तर लगेच म्हणायची, "नाई बा, समोरच्यांची हाये." इतकं झटक्यात म्हणायची की मला राग यायचा. अहो, जरा तरी अडखळावं माणसानं.

समोरची माय मात्र हक्क गाजवायची. दुपारी जेवणाच्या वेळी गल्लीतले सगळे हातोडे थांबत. दिवसभर कान किटवणारी ठोकाठोक एकदम बंद पडली की अंगावर काटाच यायचा. त्या शांततेत ती तिच्या उंबऱ्यातून हाक मारायची, "हाये का वं?" आणि मी जिथं असेन तिथून ओरडायचं, "हाये, माय." उत्तराला उशीर झाला की ती हातातलं टाकून रस्ता ओलांडून यायची. रोज. मी मोठी झाले, शाळा सुटली, परकर जाऊन पातळ आलं, तरी हाक चालूच. मैत्रिणी हसायच्या. म्हणायच्या, "तुही हजेरी लागली का वं?"

पैसा आईनं कुठं ठेवला होता हे कोणालाच माहीत नव्हतं, वडिलांनासुद्धा नाही. देव्हाऱ्यात ठेवला तर मरण आधी तिथंच बघेल. तांदळात पुरला तर उंदरासारखं हुडकून काढेल. तिनं फार विचार केला असणार. तिच्याकडे भोकाच्या जुन्या पैशांची एक मोठी माळ होती. त्या माळेत, शंभर सारख्या पैशांमध्ये, तिनं माझा पैसा ओवून टाकला आणि माळ धान्याच्या कोठीमागं खुंटीला टांगली. येणाऱ्यानं शोधत बसावं कुठला तो. तिला स्वतःला मात्र अंगठ्याच्या नखानं खाचा लागायच्या. डोकं चालवलं होतं बाईनं. मरणाला फसवलं, पण घरच्या माणसाला सांगायचं राहून गेलं.

साठ-पासष्ट सालच्या सुमाराला तांब्याचा भाव चढला. का चढला ते मला तेव्हाही कळलं नाही. नवे पैसे सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, जुने चालेनासे झाले होते, आणि अचानक एक दिवस कबाडीवाला तराजू घेऊन ओरडत आला, "जुना पैसा, ढब्बू पैसा, छेदवाला पैसा!" नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा त्यातल्या धातूची किंमत जास्त झाली होती. पैसा मोजून नाही, तोलून विकायचा. लोक येडे झाले. डबे उपडे झाले, गाडग्यांची तोंडं फुटली. कोणी चालू नाणीही गुपचूप वितळवायला नेतात अशी कुजबुज होती. बसचा कंडक्टर सुट्ट्यांऐवजी पेपरमिंटच्या गोळ्या हातावर ठेवायचा. बायकांनी नजर उतरवून बाजूला ठेवलेले पैसे विकले. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं तर घाटाच्या रस्त्यावरून, प्रेतांवर उधळलेले पैसे वेचून आणले आणि तेही तोलून दिले. लालूच सुटली की माणसाला किळस राहत नाही. ते सगळे पैसे कुठं गेले? आमच्या समोरच्या अंगणात, तांबटाच्या भट्टीत.

मी आमच्या दारातून बघायची. समोरची माय सूप घेऊन बसे आणि पैसे पाखडून त्यातले लोखंडाचे तुकडे, खडे, लेकरांच्या कमरेचे कुजके दोरे वेगळे काढी. सुपात पैसे उडाले की धान्यासारखा आवाज येई, फक्त जड. मग तांबट ते मुशीत ओती आणि त्याचा मोठा मुलगा भाता चालवी. भर दुपारी, लख्ख उन्हात, मुशीच्या तोंडाशी हिरवी ज्योत उठायची. ढब्बू पैशावरच्या राजाचा आधी चेहरा उजळे, मग नाक जाई, मग मुकुट. भोकाचे पैसे चिवट. त्यांचं भोक शेवटपर्यंत तसंच राही आणि एकदम मिटे, डोळा मिटतो तसं. मला ते बघवायचं नाही आणि नजरही हलायची नाही.

गल्लीत बोललं जाऊ लागलं की ह्या तांब्याची भांडी बरोबर नाहीत. हातोड्याखाली लवकर नमत नाहीत. त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी रक्तासारखं लागतं. हजार हातांतून गेलेला पैसा, कोणाच्या तोंडात ठेवलेला, कोणावरून ओवाळलेला. भांडं होऊन तो गप्प कसा बसेल? तांबट हसायचा. म्हणायचा, "तांबं म्हंजे तांबं गा. त्याले कायची आठवण?"

त्याच दिवसांत माझं लग्न ठरलं. नरखेडकडचं स्थळ, संत्र्याची बाग, मुलगा सरळ. आई भाचीच्या बारशाला म्हणून माहेरी गेली, तेही नरखेडकडेच; लगे हात स्थळाची माहितीही काढायची होती. घरी मी आणि वडील. ते गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात मुनीम होते. सुट्टीच्या दिवशी त्यांनी कोठीमागची जागा झाडायला काढली आणि त्यांना माळ दिसली. बायको विसरून गेलेले जुने पैसे, त्यांना वाटलं. तांबं चढलंय, पोरीचं लग्न तोंडावर आहे, तेवढाच हातभार. बाहेर कबाडीवाला ओरडतच होता. वडिलांनी माळ त्याच्या तराजूत टाकली. मी तिथं उभी होते. माळ पारड्यात पडली तेव्हा मी म्हणालेसुद्धा, "केवढी जड हो." माझाच जीव तोलला जातो आहे हे मला कुठं ठाऊक?

कबाडीवाल्यानं रस्ता ओलांडला आणि पोतं समोरच्या अंगणात रिकामं केलं. थोड्या वेळानं समोरची माय सूप घेऊन बसली. मी दारातच निवडणं घेऊन बसले होते. पाखडता पाखडता तिचा हात थांबला. तिनं सूप खाली ठेवलं. मान वर करून माझ्याकडे पाहिलं, इतकं टक लावून की मी उगाच पदर सावरला. मग ती उठून आत गेली. दुपार झाली, हातोडे थांबले, गल्ली गप्प झाली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तिची हाक आली नाही. मी वाट बघत बसले. आपणच ओरडावं का, हाये म्हणून? तेही जमेना.

जेवणं आटोपल्यावर भट्टी पेटली. हिरवी ज्योत उठली आणि मला थंडी वाजायला लागली. ऊन मी म्हणत होतं, आणि माझे दात वाजत होते. वडिलांनी कपाळाला हात लावून बघितलं आणि मला आत नेऊन निजवलं.

दुसऱ्या दिवशी आई आली. मला तापात बघून ती माझ्याजवळ आली नाही, सरळ कोठीकडे गेली. कोठीमागं हात घातला. खुंटी रिकामी. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आणि ऐकू नये. वडील बिचारे दारात उभे राहून म्हणत होते, "मले काय माईत? तू सांगितलं काहून नाई?" ती अनवाणी समोर धावली आणि भर रस्त्यात ओरडली, "माह्या पोरीचा पैसा हाये तुह्या भट्टीत!"

माह्या पोरीचा. अंथरुणावरून मी ते ऐकलं. आईलाही ते ऐकू आलं असावं, कारण तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं म्हणे. इतकी वर्षं जपलेलं तोंड, आणि भर गल्लीत, ज्याला ऐकू जाऊ नये त्यालाही ऐकू जाईल असं सुटलं. समोरची माय दारातच उभी होती. तिचा एक हात कमरेवर होता. ती शांतपणे म्हणाली, "वितळलं वं बाई सारं. माहा पैसा, तुहा पैसा, सारं एक झालं."

ताप हटेना. धंतोलीतले डॉक्टर आले, बाटलीतलं औषध दिलं, सुई टोचली. समोरची माय येऊन माझ्या उशाशी बसली, एक हात माझ्या डोक्यावर आणि दुसरा स्वतःच्या कमरेशी लुगड्यात खोचलेला. घराच्या दाराकडे, खिडकीकडे, छपराकडे बघून ती मोठ्यानं म्हणायची, "माही पोरगी हाये. माही. येथं कोनाचं काई नाई." वेड्यासारखं, पुन्हा पुन्हा. आई उंबऱ्याबाहेर उभी. आत यायची तिची हिंमत होत नव्हती.

शेवटी आईनं चांदीचे तोडे तांबटापुढं ठेवले आणि विचारलं, त्या दिवशीच्या मुशीतून काय घडलं? एक गुंड घडला होता. आमच्याकडे पाण्याच्या घागरीला गुंड म्हणतात. पैसा त्यातच असणार, दुसरीकडे जाणार कुठं? आईनं गुंड घेतला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरी आणला आणि कोठीजवळ ठेवला. म्हणजे माझी किंमत परत आमच्या घरात आली, सौदा शाबूत राहिला. त्याच संध्याकाळी माझा ताप उतरला. औषधानंही उतरला असेल, मी भांडत नाही. मी तुम्हाला झालं ते सांगते आहे.

त्या गुंडातून कोणी पाणी प्यायलं नाही. आई रोज दुपारी तो मांडीवर घेऊन बसायची आणि चिंच-मिठानं घासायची. घासून झाला की कोरड्या फडक्यानं पुसायची, मग नुसता हात फिरवत राहायची. आणि गुंड आवाज करायचा. तांबट आळीत कुठलंही भांडं हातोड्याच्या ठोक्याला घुमतं, हे मी जन्मापासून ऐकलेलं. पण हा हातोडे थांबले की घुमायचा. गल्ली गप्प झाली की ह्याच्या पोटातून बारीक, ओला आवाज यायचा. नाव नाही, शब्द नाही. बोलता न येणाऱ्या लेकराला काहीतरी हवं असतं तेव्हा ते जसं हुंकारतं तसं. माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. मला वाटे, माझाच जीव त्यात कोंडला आहे आणि तोच मला बोलावतो आहे. मी आईला विचारलं, "काकी, तुले आयकू येते का वं?" ती वर न बघता म्हणाली, "तू जाय भायेर." आणि गुंडावरून हात फिरवत राहिली. खरं सांगू? भीतीपेक्षा मला मत्सर जास्त वाटला. मी हाडामासाची तिथं उभी, आणि ही बाई तांब्याला मांडीवर घेऊन बसली आहे.

हळदीच्या दिवशी आईनं तो गुंड उचलला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या मायपुढे ठेवला. म्हणाली, "घे तुही किंमत. माही पोरगी मले दे." सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या. समोरची माय गुंडाला हातही लावेना. "मी पैसा देल्ता वं, गुंड नाई देल्ता. माहा पैसा आन, खाचा पाडलेला, अन् घेऊन जाय पोरगी." आईनं हात जोडले. म्हणाली, "तूच मनली ना, वितळला मनून?" "मंग वितळला," ती म्हणाली, "मंग पोरगी माहीच." तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं, हरखली आहे. मनात म्हटलं, काय नीच बाई आहे. आईला रिकाम्या हातानं परत लावलंस, तुझं वाटोळं होवो.

न सुटलेली मुलगी आई कशी देणार? माझं कन्यादान चुलत्या-चुलतीनं केलं. आई सगळा वेळ चुलीपाशी होती. निघताना मी तिच्या पाया पडले. "येतो काकी," असं सगळ्यांसमोर म्हणाले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच मागं घेतला. समोरची माय मात्र गाडीपर्यंत आली आणि तिनं मला असं कवटाळलं की तिच्या कमरेचं काहीतरी कडक माझ्या पोटाला रुतलं. किल्ल्या असतील, मला वाटलं.

मी मेले नाही, हे तुम्ही बघताच आहात. संत्र्याच्या बागेत सुखानं नांदले, मुलंबाळं झाली. माहेरी आले की दुपारी समोरून हाक यायचीच, "हाये का वं?" आणि मी, दोन लेकरांची आई, रागानं का होईना, ओरडायची, "हाये, माय." आईला मी बाजूला घेऊन सांगितलं, आता झालं ना माझं लग्न, आता तरी मला आपली म्हण. ती दचकून समोरच्या दाराकडे बघायची. म्हणायची, "सुटली कोठं वं तू अजून?" गुंड तिच्या मांडीवर असायचा. तिचे केस पांढरे झाले, गुंडावरची मठाराची, म्हणजे हातोड्याच्या ठोक्यांची, टिपं घासून घासून गुळगुळीत झाली.

ती गेली तेव्हा मी पोहोचेस्तोवर उशीर झाला होता. तेरावं झाल्यावर वडिलांनी गुंड माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "हा तू घेऊन जाय. तिचा जीव होता याच्यात." मी म्हटलं, तिचा कशाचा, माझा. माझाच पैसा ना त्यात? वडिलांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुहा एकटीचा नव्हता, बाई. तुह्या दोन्ही भावांच्या कमरेचे पैसेही त्याच माळेत होते. पुरताना तिनं दोरे काढून घेतले होते. मले हे तिनं मांगून सांगितलं, माळ इकल्यावर."

मी गुंडाकडे बघितलं. बाहेर हातोडे थांबले होते. तो घुमला.

दात आलेला एक, न आलेला एक. म्हणून शब्द नव्हते. मला कोणी बोलावतच नव्हतं. ते दोघं तिला बोलावत होते, आणि ती रोज दुपारी ओ देत होती. त्यांना आणि मला, आम्हा तिघांना ती मांडीवर घेऊन बसायची. मला बाहेर घालवून मलाच मांडीवर घ्यायची. मी वडिलांसमोर तोंडात पदर कोंबून रडले. एसटीत तो गुंड मी मांडीवर ठेवला, कंडक्टर खाली ठेवा म्हणत होता तरी.

समोरची माय त्यानंतर बरीच वर्षं जगली. ऐंशी सालानंतर कधीतरी तिच्या थोरल्या सुनेचा निरोप आला की बुढी फक्त तुमचंच नाव घेऊन राहिली. मनात अढी होतीच, तरी गेले. म्हातारी सुकून खारीक झाली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं. गल्लीत आता स्टीलची दुकानं आली होती, हातोडे मोजकेच उरले होते. दुपारी तेही थांबले. तिनं लगेच मान उचलली. "हाये का वं?"

"हाये, माय."

"जित्ती हाये ना?"

"हाव."

तिनं माझा हात चाचपला आणि जवळ ओढलं. कुजबुजत म्हणाली, "काकीले सांगू नको." आई जाऊन किती वर्षं झाली होती. मी विचारलं, काय सांगू नको? ती नुसतं तेच म्हणत राहिली, काकीले सांगू नको, नाहीतर तुले आपली मनेल ते. दुपार उतरायच्या आत ती गेली.

सून म्हणाली, तुम्ही लेक, न्हाऊ घालायला तुम्हीच हात लावा. लुगडं सोडलं. कमरेला काळा दोरा, मांसात रुतलेला, आणि दोऱ्यात एक भोकाचा पैसा. वर्षानुवर्षं अंगाला घासून सोन्यासारखा उजळलेला. मी दोरा कापला. बघायची गरज नव्हती. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. शेजारी-शेजारी दोन खाचा.

सुपातला हात थांबला होता तो ह्यासाठी. तिनं पैसा ओळखून उचलला, आणि तिच्या हातात तो पडला त्या क्षणी सौदा मोडला. मी आईची झाले, आणि मला थंडी वाजून आली. ती घाबरली असणार. कोणाला कळलं नाही तर मोडलेला सौदा मोडला नाही, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं असणार, आणि मग जन्मभर कमरेला पैसा बांधून ती छपराला सांगत बसली, माही हाये, माही. की चार मुलग्यांवर एक लेक हवी होती, आणि हाती आलेली तिला सोडवेना? मला नाही सांगता येत. तिचे ओठ थरथरत होते ते मी पाहिले होते. तिला शिव्याही मीच दिल्या होत्या, आणि शेवटचं पाणीही मीच घातलं. एवढं खरं की त्या दिवसापासून मी आईची होते. हळदीला होते, चुलीपाशी तिच्या पाया पडले तेव्हा होते. तिनं डोक्यावर हात ठेवला असता तरी चाललं असतं.

नरखेडला परत आले. दुपारी माणसं बागेत गेली, घर गप्प झालं की गुंड इथंही घुमायचा; तो फळीवरून खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. आई समजत होती आम्ही तिघं त्यात आहोत. दोघंच होते. मी पैसा गुंडात टाकला. तळाशी तो एकदा वाजला, गोल फिरला आणि थांबला. मग मी गुंडाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि आईला हाक मारली. काकी नाही. "माय," म्हटलं, "हाये वं मी." गुंड कधी नव्हे तो गप्प राहिला.